डांबरी गालिचा

आमच्या गावात एसटी का येत नाही, हे मला पहिल्यांदा नीट सांगितलं ते एका ड्रायव्हरनं. त्याआधी माझं तहसील, पंचायत समिती, आमदारांचे स्वीय सहायक अशा बऱ्याच मोठ्या लोकांना विचारून झालं होतं. त्यातल्या कुणी "पाहतो" म्हटलं, कुणी "वरून येऊ द्या" म्हटलं. ड्रायव्हर फाट्यावर गाडी उभी करून तंबाखू मळत होता. फाट्यापासून आमचं गाव तीन किलोमीटर आत. मी म्हटलं, "रस्ता तर झालाय. मग गाडी आत का येत नाही?"

त्यानं खिडकीतून रस्त्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्याला रस्ता म्हणता व्हय ताई? खडी हाय ही. टायर फुटलं तर जबाब मला द्यावा लागतोय. कारपेट पडू द्या, मग येतो. पार तुमच्या पारापत्तूर येतो."

"कारपेट?"

"डांबराचं वरचं कारपेट. त्ये पडल्याबिगर डेपो गाडी आत सोडत न्हाय."

मी वहीत लिहून घेतलं, कारपेट. तोवर माझ्या वहीत शोषण, संघर्ष, हक्क असले शब्द होते. त्यांच्या रांगेत कारपेट जरा ओशाळल्यासारखं दिसत होतं.

तेव्हा मी तालुक्याला एका संघटनेत पत्रकं लिहीत होते. पत्रक लिहायला शिकवणारं शिबिर असतं हे लोकांना खरं वाटत नाही. असतं. एका शाळेच्या वर्गात तीन दिवस बसवून आम्हाला शिकवलं की वाक्य छोटं ठेवा, मागणी एकच ठेवा, आणि इंग्रजी शब्द घालू नका, लोकांच्या भाषेत लिहा. पहिले दोन नियम मी अधूनमधून मोडते. तिसरा मात्र मी मनावर घेतला.

एसटीची घाई मला नव्हती, माझ्या चुलत बहिणीला होती. ती त्या वर्षी दहावी झाली. गावातली शाळा दहावीला संपते. पुढं कॉलेज तालुक्याला. मुलींना एसटीचा पास फुकट असतो, तेव्हा सरकारचं काम झालं. पास फुकट, गाडी फाट्यावर, आणि मधले तीन किलोमीटर पोरीच्या बापाच्या डोक्यात. काकांनी, म्हणजे तिच्या आबांनी, पारावर चार माणसांसमोर जाहीर करून टाकलं होतं.

"कारपेट आलं की जाईल. माझा शब्द हाय. न आलं तर घरी बसल. म्या पोरीला खडीवरनं एकली चालवणार न्हाय."

गावातली पोरं त्याच खडीवरून मोटरसायकली उडवत कॉलेजला जायची. नापास व्हायची, पुन्हा जायची. त्यांच्या बापांनी कधी पारावर शब्द दिला नव्हता. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "तू भाषण तालुक्याला कर. हितं जेव." कॉलेज सुरू व्हायला दोन महिने होते. म्हणजे दोन महिन्यांत एकतर रस्त्यावर डांबराचा थर पडणार होता, नाहीतर वर्गात पहिली आलेली पोरगी ज्वारी निवडत बसणार होती.

आता कारपेट या शब्दाशी आमच्या गावाचं आधीच काय नातं होतं तेही सांगायला हवं. काकूच्या लेखी कारपेट म्हणजे भूमच्या बाजारात फुटावर कापून मिळतं ते प्लास्टिकचं, संगमरवरी नक्षीचं. वरून पुसलं की चकचकीत. खाली जमीन ओलीच राहते, पण ती दिसत नाही. कारपेटचा हा मूळ उपयोग आहे, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. मंडपवाल्याच्या लेखी कारपेट म्हणजे लग्नात अंथरायचं हिरवं आणि पुढारी आला की काढायचं लाल. एका पुढाऱ्यासाठी ते गाडीच्या दारापासून स्टेजपर्यंत टाकलं होतं. मधे गावाची नाली होती, तीही झाकली गेली. साहेबांचा पाय बरोबर नालीवर पडला. पडू नये तिथं पाय पडला तरी साहेब हसत राहिले, हे मात्र मानलं पाहिजे.

आणि घरकुलवाले साहेब आले होते तेव्हाची गोष्ट तर गावात अजून सांगतात. बांधून झालेलं घर मोजायला एक तरुण इंजिनिअर आला. टेप काढून काकूला म्हणाला, "कारपेट एरिया बघायचाय." काकूनं त्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. आत गेली, पलंगाखालून गुंडाळलेलं कारपेट काढलं आणि ओसरीवर पसरलं. "घ्या, मोजा." इंजिनिअर भला होता. त्यानं ते खरंच मोजलं, मग घर मोजलं, मग चहा घेतला. जाताना म्हणाला, "काकू, घर बरोबर आहे. कारपेट थोडं कमी पडतंय." काकू दोन दिवस काळजीत होती की त्यापायी हप्ता अडतो की काय.

तर अशा गावासाठी मला निवेदन लिहायचं होतं.

"डांबरीकरण करा" असं लिहून भागत नव्हतं. ते आधी लिहून झालं होतं. त्यावर बांधकामाच्या कार्यालयाचं उत्तर आलं होतं की सदर रस्त्याचे डांबरीकरण पूर्ण असून केवळ कारपेट बाकी आहे. रस्त्यावर डांबर होतं हे खरं. शेळीच्या अंगावर ठिपके असतात तेवढं होतं. पण कागदावर डांबरीकरण झालेलं, त्यामुळे ते पुन्हा मागता येत नव्हतं. सरकारकडं एकदा दिलेलं पुन्हा मागायचं तर आधी ते मिळालंच नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि त्याला दोन महिने पुरत नाहीत. म्हणून मागणी एकच ठेवायची, कारपेट.

ओसरीवर बसून मी लिहीत होते आणि बहीण शेजारी बसून वाचत होती. लिहिता लिहिता माझा हात थांबला. कारपेट. इंग्रजी. शिबिरातल्या फळ्यावरचा तिसरा नियम डोळ्यांपुढं आला. मी खोडलं आणि लिहिलं, 'रस्त्यावर तात्काळ डांबरी गालिचा अंथरण्यात यावा.'

बहीण म्हणाली, "आक्का, गालिचा कशाला?"

"कारपेटला मराठीत गालिचा म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"शब्दकोश म्हणतो."

"शब्दकोश फाट्यावर गाडी थांबवतोय व्हय? ड्रायव्हर कारपेट म्हणतोय, आबा कारपेट म्हणतेत, ऑफिसच्या कागदात बी कारपेटच हाय. तूच एकली गालिचा म्हणतीस."

मी तिला लोकभाषा, गुलामीची मानसिकता आणि इंग्रजीची सत्ता यांवर थोडं सांगितलं. ती जांभई देत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. तुझं पत्रक हाय." मग तिनंच घरोघर फिरून बायकांच्या सह्या आणि अंगठे आणले. एका म्हातारीनं अंगठा उठवण्याआधी विचारलं, "गालिचा कुणासाठी गं? पाव्हणे येणार हायेत का?" बहीण म्हणाली, "एसटी येणार हाय, आज्जी." म्हातारीनं अंगठा दिला. तिला वाटलं असणार, एसटीचा मान असेल तेवढा.

निवेदन दिलं, पोहोच घेतली, फोटो काढला. संघटनेच्या गटात तो फोटो टाकल्यावर मुठीची चिन्हं आली. एकानं खास लिहिलं, 'भाषा फार सुंदर.' मी ते दोनदा वाचलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. एवढ्या लवकर आलं म्हणूनच मला संशय यायला हवा होता. मजकूर असा होता की, संदर्भीय अर्जान्वये आपण गालिचा अंथरणेबाबत केलेली मागणी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. सबब आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव ग्रामपंचायतीकडे वर्ग करण्यात येत आहे व या कार्यालयाच्या स्तरावर निकाली काढण्यात येत आहे.

मी त्याच दिवशी कार्यालयात गेले. आवक-जावकच्या टेबलावर एक वयस्क कारकून होते. पान खाणारे, शांत. असा शांत माणूस समोर असला की चिडलेल्या माणसाचं काही चालत नाही.

"तुम्ही अर्ज वाचला तरी का?" मी विचारलं.

"वाचला की. अक्षर चांगलं हाय तुमचं."

"त्यात डांबरी लिहिलंय. डांबरी गालिचा कुणी घरात अंथरतं का?"

"मॅडम, डांबरी गालिचा असा आयटमच न्हाय आमच्याकडं." त्यांनी ड्रॉवरमधून एक जाड चोपडं काढून माझ्यापुढं सरकवलं. "ह्यात बघा. खडीकरण हाय. कारपेट हाय. सीलकोट हाय. गालिचा शोधून द्या, आत्ता सही आणतो साहेबांची."

मी शोधला नाही. शोधण्यात अर्थ नव्हता.

"तुम्हाला कळलं होतं ना मला काय म्हणायचंय?"

"कळलं की. पण कळणं येगळं, आवक येगळी. आमी अर्जावर चालतो." त्यांनी चोपडं परत घेतलं. "नवा अर्ज द्या. कारपेट लिवा. पंधरा मिनिटांचं काम."

"मग कारपेट कधी पडेल?"

"नवा अर्ज म्हणजे नवा नंबर. रांगेत मागं." मग जरा वाकून म्हणाले, "राग मानू नका. पर गालिचा कुणी सुचवला तुमाला?"

हा प्रश्न मला परतीच्या गाडीत फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून पायी तीन किलोमीटर पुरला. दोन वर्षं मी लोकांना सांगत होते की सरकार तुमची भाषा बोलत नाही. इथं सरकार, ड्रायव्हर, माझे काका आणि दहावी झालेली पोरगी सगळे एकच भाषा बोलत होते. वेगळी बोलणारी मी होते. आणि कॉलेज आठ दिवसांवर आलं होतं.

घरी आल्यावर बहिणीला सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. हे वाक्य लहान होतं, पण म्हणायला जड गेलं. तिनं रागवायला हवं होतं. ती म्हणाली, "ग्रामपंचायतीत काय झालंय तुला ठाव न्हाय वाटतं."

ग्रामपंचायतीत कार्यवाही झाली होती. वरच्या कार्यालयाचा शिक्का मारलेला कागद आला, 'योग्य ती कार्यवाही' असं त्यात लिहिलेलं. ग्रामसेवक नवे होते. वरून आलेल्या कागदावर कार्यवाही करायची असते हे ते शिकून आले होते. आमच्या सरपंच बाई आहेत आणि सरपंचकी त्यांचे मालक करतात. मालकांनी मंडपवाल्याला फोन लावला. पुढाऱ्यांच्या पायाखाली जाऊन जाऊन थकलेलं एक लाल कारपेट मंडपवाल्याकडं होतं. ते सभागृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलं गेलं. एका कडेला कुठल्यातरी सभेतली सिगारेट विझवल्याचं भोकसुद्धा होतं.

दोन दिवसांनी ग्रामसभा होती. बायका दारातच थबकल्या. लाल कारपेटवर पाय कसा द्यायचा म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि कडेकडेनं बसल्या. पुरुष चपलांसकट आत येऊन मधे बसले. काका बरोबर मधोमध. बहीण मतदार नाही, तरी माझ्यामागं येऊन बसली.

विषय क्रमांक चार. ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं की अर्जदाराच्या मागणीनुसार ग्रामपंचायतीमार्फत कारपेट एक नग उपलब्ध करून देण्यात आले असून मागणी पूर्ण झाली आहे. मंडपवाल्याच्या पावतीवर कारपेट होतं, त्यामुळे कागदावरही कारपेटच आलं. माझा गालिचा वाटेत कुठंतरी गळून पडला होता. मग ग्रामसेवकांनी कागद माझ्यापुढं धरला.

"मॅडम, हितं सही. मागणी पूर्ण झाल्याची."

मी उभी राहिले. माझं भाषण तयार होतं, छोट्या वाक्यांचं. 'आम्हाला रस्ता हवा होता. तुम्ही चादर दिली.' एवढ्यात मागून माझी ओढणी ओढली गेली.

"आक्का, सही कर."

"अगं, हा खोटा कागद आहे."

"असू दे. अर्ज तर निकालीच निघालाय न्हवं? कर सही. मला पायजे त्यो कागद."

तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं नाही ती काय करणार आहे. पण दोन महिन्यांपूर्वी मी तिचं ऐकलं नव्हतं, आणि त्याचा निकाल पायाखाली अंथरलेला होता. मी सहीच्या आधी लिहिलं, 'कारपेट मिळाले. रस्ता बाकी.' आणि सही केली. ग्रामसेवक म्हणाले, "शेरा कशाला लिवला?" मी म्हटलं, "मराठी आहे, वाचता येईल."

बहिणीनं कागद हातात घेतला आणि पुरुषांच्या बाजूला वळली.

"आबा, तुमी पारावर काय म्हणला हुता?"

काका दचकले. "काय म्हणलो हुतो?"

"कारपेट आलं की जाईल. माझा शब्द हाय."

"मग? आलंय व्हय कारपेट?"

तिनं वाचून दाखवलं. कारपेट एक नग उपलब्ध करून देण्यात आले. मागणी पूर्ण. खाली शिक्का, त्याखाली आक्काची सही. मग म्हणाली, "आन् तुमी बसलाय ते त्याच्यावरच."

काकांनी खाली बघितलं. त्यांच्या मांडीजवळच ते सिगारेटचं भोक होतं. मग मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "उठून कारपेटवरनं लांब सरक आता. बघ जमतंय का." आणि हसण्याचा जो फवारा उडाला तो बायकांकडून सुरू झाला, हे मी नोंदवून ठेवते.

"ह्ये कारपेट न्हवं," काका म्हणाले. "म्या डांबराचं म्हणलो हुतो."

"डांबराचं म्हणला न्हवता. नुस्तं कारपेट म्हणला हुता. चौघं हुते पारावर."

त्या चौघांतले तिघं सभेत होते. त्यांनी माना हलवल्या. सरपंचबाईंचे मालकही उठले. त्यांना माझ्या बहिणीच्या शिक्षणाचं काही नव्हतं, त्यांना आपलं कारपेट खरं ठरवायचं होतं. "ठरावात कारपेट हाय म्हणजे कारपेट हाय," ते म्हणाले. "शब्द दिला तर दिला. पोरीला जाऊ दे." मालकांनी आयुष्यात घेतलेली ही एकमेव पुरोगामी भूमिका असावी, आणि तीही पावती टिकावी म्हणून. पहिल्यांदाच सरपंचबाई स्वतः बोलल्या. "जाऊ द्या की भावजी. हुशार हाय पोरगी." त्या खुर्चीवर होत्या, पण चपला त्यांनीही बाहेर काढल्या होत्या.

काकांनी कागद मागून घेतला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि परत दिला. शिक्का असलेल्या कागदाला त्यांनी जन्मात कधी उलट उत्तर दिलेलं नाही, ही त्यांची खोड त्यांच्या पोरीला पुरेपूर ठाऊक होती. मी त्यांना हक्काच्या भाषेत दोन महिने समजावत होते. तिनं त्यांना ठरावाच्या भाषेत दोन मिनिटांत गप्प केलं.

संघटनेच्या गटात मी हे लिहिलं तेव्हा उत्तर आलं की यशाची बातमी करू, 'आंदोलनापुढे प्रशासन झुकले' असा मथळा. मी नको म्हटलं. प्रशासन झुकलं नव्हतं, त्यानं कारपेट अंथरलं होतं. बातमी केली नाही म्हणून माझ्यावर थोडी नाराजी झाली. असो.

सोमवारी सकाळी सातला काका स्वतः निघाले. पोरगी एकली चालवणार नाही, हा अर्धा शब्द त्यांनी राखला. ते पुढं, बहीण मधे, मी मागं. उन्हं अजून कोवळी होती, दोन्ही बाजूंच्या वावरांत पेरणीची तयारी चाललेली. खडी पायाखाली सरकायची तेव्हा काका नुसते हुंकार द्यायचे. एका वळणावर त्यांच्या चपलेत काहीतरी घुसलं आणि ते खाली बसले. चप्पल काढून तळव्याला टोचलेला खडा त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. मोटरसायकलवरून जाणाऱ्या माणसाला हा खडा कधी दिसत नाही.

"आबा, गाडी जाईल," बहीण म्हणाली.

फाट्यावर गाडी उभी होती. ड्रायव्हर तोच. त्यानं मला ओळखलं. "काय ताई, पडलं का कारपेट?" मी उत्तर द्यायच्या आत काका कंडक्टरला विचारत होते, पास चालतो का, तालुक्याला किती वाजता पोचते, संध्याकाळी कोणती परत. कंडक्टरनं सगळं सांगितलं. बहीण चढली, खिडकीपाशी बसली, आणि तिनं आमच्याकडं बघितलंच नाही. शेजारच्या गावच्या एका मुलीशी लगेच बोलायला लागली.

गाडी गेल्यावर काका आणि मी परत निघालो. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "नवा अर्ज लिवलास का?"

"लिहिलाय. पिशवीत आहे."

"वाच."

मी रस्त्यातच थांबून वाचला. शेवटचं वाक्य होतं, 'तरी सदर रस्त्यावर कारपेट टाकून मिळावे, ही विनंती.'

"मिळावे कशाला?" काका म्हणाले. "आन् विनंती कशाची? टाका म्हणून लिव. आन् पैली सही माझी घे."

पिशवी गुडघ्यावर ठेवून मी ते वाक्य खोडलं आणि 'टाका' लिहिलं. काकांनी खाली सही केली, दुरुस्त केलेल्या जागी पुन्हा एकदा केली. अर्ज दुसऱ्या दिवशी दिला, पोहोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. बहीण रोज चालते आहे. आता तिच्याबरोबर आणखी तिघी असतात.